अल्सरचं पथ्य

१४ मे

आज मी बाबांशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही इतक्या सफाईने, की वर्गातलं एखादं पोर असं बोललं असतं तर मी त्याला दिवसभर कोपऱ्यात उभं केलं असतं.

आमच्या बेटाशेजारच्या मोठ्या बेटावरच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मला आणि हार्दीला आत बोलावलं. बाबा शेजारच्या खोलीत कपडे घालत होते. पोटाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय, बरा होण्यातला नाही. त्रास मात्र कमी ठेवता येईल, नर्स घरी येत जाईल, आणि त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या, असं बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, आता मी त्यांनाच आत बोलावून सांगते. हार्दीने त्यांना अक्षरशः हात जोडले. मुलांच्या तोंडून ऐकलेलं बरं, आम्ही घरी गेल्यावर सांगू, म्हणाला. बाईंना ते पटलेलं दिसलं नाही.

हार्दी माझा धाकटा भाऊ. समुद्रापलीकडे प्वेर्तो मोंत शहरात असतो, ट्रक चालवतो, आणि घरात काही झालं की सगळ्यांत मोठ्या आवाजात घाबरतो. बाहेर आल्यावर म्हणाला, "कळलं तर म्हातारा हाय खाईल. महिनाभरसुद्धा टिकणार नाही." मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायची घाई माझीच होती.

तेवढ्यात बाबा पट्टा आवळत बाहेर आले. "काय म्हणतात?"

"अल्सर," मी म्हटलं. "जुना आहे. पथ्य पाळलंत तर बरा होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अल्सर. बरं." लाँचमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं, मग आता तिखट बंद असेल ना? मी हो म्हटलं. आणखी काय काय बंद, तेही विचारलं. मी तिथल्या तिथे सुचेल ते सांगत गेले आणि ते मान डोलावत गेले.

१७ मे

घरात अल्सरचं राज्य सुरू झालंय. मिरची नाही, धुरावर सुकवलेले शिंपले नाहीत, डुक्कर नाही, सफरचंदाची दारू तर नाहीच. ओटची पेज, उकडलेला बटाटा, मऊ भात. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मला चांगलं आठवतंय, पण अल्सरवाल्या माणसाला कोणी आवडेल ते खाऊ देतं का? दुसऱ्याच दिवशी संशय आला असता.

शेजारच्या उबेरलिंदाला सांगावंच लागलं. ती दिवसातून तीनदा आमच्या चुलीशी शेकायला येते आणि तिच्या तोंडाला झाकण नाही. म्हटलं, आधीच सांगून दम भरलेला बरा. पण तिला सांगितलं म्हणजे बेटाला सांगितलं. संध्याकाळी चॅपलच्या वाटेवर जो भेटेल तो माझा हात दाबून म्हणत होता, आम्ही नाही हो बोलणार. आता सगळ्यांना ठाऊक आहे, एकट्या बाबांना सोडून.

आणि फसवतोय तरी कुणाला! पाद्री आमच्याकडे वर्षातून एकदा लाँचने येतो. बाकी वर्षभर चॅपलची किल्ली, बाप्तिस्मे, जपमाळ, मयती, सगळं फिस्कालच्या हाती, आणि आमच्या बेटाचे फिस्काल म्हणजे बाबा. कुणाचं आता काही खरं नाही असं वाटलं, की डॉक्टरच्या आधी त्यांना बोलावणं जातं. इतक्या जणांच्या उशाशी बसलेला हा माणूस, आणि माझ्या थापेवर विश्वास ठेवून ओटची पेज खातोय. ठेवतोय ना विश्वास? पेज तर संपवतो.

२ जून

आरोग्य खात्याच्या लाँचने नर्स आली. नाव यास्ना, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढी, पण नजर अशी की मीच बाकावर बसल्यासारखं वाटलं. अंगणातच तिने विचारलं, काकांना काय ठाऊक आहे? मी सांगितलं. ती म्हणाली, "मी आपणहून काही सांगणार नाही, बाई. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

म्हणून मी सगळा वेळ खोलीत ठाण मांडून बसले. दोनदा तिने मला गरम पाणी आणायला पाठवायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी उबेरलिंदाला हाक मारली. शेवटी तिने माझ्यादेखतच विचारलं, "बेलार्मिनोकाका, तुम्हाला काही विचारायचंय का?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही. नोल्फा बघते सगळं."

तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता लिहिताना तितकंसं वाटत नाहीये.

तिने मॉर्फिनचे थेंब दिलेत. ती बाटली बाबा ओळखतात. ज्या घरात ती येते त्या घरी पुढे त्यांना जावं लागतं. म्हणून मी ते औषध माझ्या खोकल्याच्या बाटलीत ओतलं आणि अल्सरचे थेंब म्हणून देतेय. पूर्ण मात्रेने म्हणे सुरुवातीला झापड येते. बाबा दुपारी कधी झोपत नाहीत, त्यांना लगेच कळेल, म्हणून सध्या निम्मेच देते.

२१ जून

बाबा खूप उतरलेत. दुपारी खिडकीपासून चुलीपर्यंत फेऱ्या मारतात, एक हात पोटावर. दुखतंय का विचारलं तर म्हणतात, अल्सर आहे, उतरायला वेळ लागायचाच.

आज त्यांनी विचारलं, "पथ्यात काही चुकत नाहीये ना? परवा मी पेजेत मीठ जास्त घालून घेतलं होतं."

मी म्हटलं, मिठाने काही होत नाही. मग गोठ्यामागे जाऊन उगाचच लाकडं रचत बसले. रचलेलीच होती, पुन्हा रचली.

थेंब वाढवावेत का? यास्नाला विचारायला हवं. पण विचारलं तर आजवर निम्मे दिले हेही सांगावं लागेल.

५ जुलै

आज आमच्याकडे डुक्कर कापलं. दर हिवाळ्यात, म्हणजे जुलैच्या थंडीत, कापतो. यंदा नाही कापलं तर बाबा कारण विचारतील, म्हणून कापलं. हार्दी आला, अर्धं बेट आलं. पाऊस दिवसभर होताच. मोठ्या काहिलीत चरबी वितळवली, बायकांनी बटाटे किसून पिळले, आणि त्या किसाच्या जाड भाकऱ्या, म्हणजे मिल्काओ, थापून त्यात चरबीचे कुरकुरीत तळलेले तुकडे भरले. बाबांना मिल्काओपुढे सगळं जग फिकं. आई असताना ते काहिलीशेजारून हलायचे नाहीत, ती झारा दाखवून हाकलायची.

आज ते काहिलीशेजारीच बसले होते, मांडीवर पेजेचा वाडगा. कुणीतरी परात फिरवली. बाबांसमोर आल्यावर परात थांबली, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नोल्फा, एक छोटा तुकडा?"

मला वाटलं, आता मी हो म्हटलं तर पथ्य ही थाप होती हे उघड होईल. मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, "बाबा, अल्सर आहे तुम्हाला. लहान मुलासारखं करू नका."

ते हसले. परात पुढे सरकवली आणि म्हणाले, "बाई रागावल्या." कुणीही हसलं नाही. माणसं आपापल्या ताटात बघत होती. हार्दी उठून बाहेर गेला. उबेरलिंदा शेजाऱ्यांचे वाटे बांधत होती, तिचे हात थांबले आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या माणसाने हवं ते, हवं तेवढं खावं. मलाही ठाऊक होतं. मी एका मरणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेतला, कारण मला माझी थाप सांभाळायची होती. लाज वाटते म्हणणंही फार सोयीचं आहे. लाज वाटत होती तर उठून त्यांच्या हातात तुकडा का नाही ठेवला?

९ जुलै

हार्दीचा फोन. प्वेर्तो मोंतच्या इस्पितळात म्हणे एक ऑपरेशन करतात, पोटातली वाट मोकळी करायचं. काही आठवडे मिळतील, कदाचित. कदाचित बाबा टेबलावरून उठणारही नाहीत. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं, वीस तारखेची लाँचसुद्धा. "काहीतरी केलं असं तरी होईल, ताई. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला घरात ठेवून मरू दिलं." मी हो म्हटलं.

बाबांना सांगितलं, अल्सरचं ऑपरेशन. त्यांनी हात चुलीपुढे धरले. "ऑपरेशन करून तिकडेच काही झालं तर?" मी म्हटलं, काही होत नाही. "तू काय म्हणतेस, करू?" करा, म्हटलं. "मग करू."

यास्नाला कळवावंच लागलं. तिने फोनवर विचारलं, काकांना विचारलंत? मी म्हटलं, ते हो म्हणाले. "कशाला हो म्हणाले, बाई? त्यांना काय सांगितलंत?"

मी म्हटलं, ऐकू येत नाहीये, रेंज गेली. रेंज गेली नव्हती.

१६ जुलै

आज दुपारी सेगुंदोकाकांच्या घरून बोलावणं आलं. सेगुंदो म्हणजे बाबांचे लहानपणापासूनचे मित्र, दोघांनी मिळून किती होड्या बांधल्या. त्यांची छाती निकामी झाली आहे. मी म्हटलं, तुम्हाला उभं राहवत नाही, कसले जाताय. बाबांनी टोपी घातली. बैलगाडीत गादी टाकून त्यांना नेलं.

दारातच सेगुंदोकाकांच्या सुनेने अडवलं. कुजबुजत म्हणाली, "काका, नुसती प्रार्थना म्हणा हं. त्यांना काही बोलू नका. ते समजतायत साधी सर्दी आहे." मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

बाबा म्हणाले, "तुम्ही सगळे स्वयंपाकघरात जा." मलाही जायचं होतं. आजवर मी अशा घरांत स्वयंपाकघरातच बसत आले, आत बाबा काय बोलतात ते कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांना आधाराशिवाय बसता येत नव्हतं, म्हणून मला थांबवून घेतलं.

त्यांनी सेगुंदोकाकांचा हात धरला. "सेगुंदो, आज मी फिस्काल म्हणून आलोय, पत्ते खेळायला नाही. तू चाललायस. कुणाला काय सांगायचंय? कुठे पडून राहायचंय तुला? कोण जवळ हवं?"

सेगुंदोकाका किती तरी वेळ नुसता श्वास ओढत राहिले. मग म्हणाले, "कुणी बोलेचना रे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय." त्यांनी सांगितलं की पलंग चुलीशेजारी हलवा, इथे एकटं वाटतं. धाकट्याला मासेमारीवरून परत बोलवा. आणि डॉक्टरला आता आणू नका.

बाबा माझ्या खांद्यावर भार टाकून स्वयंपाकघरात आले आणि सुनेला म्हणाले, "मरण त्याचं आहे ना? मग त्याला विचारा. पलंग हलवा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परतताना मी गाडीबरोबर चालत होते. बाबांना सगळं ठाऊक आहे. कसं नसेल? ज्यांच्या उशाशी ते बसले त्यांना झालेलं सगळं त्यांना होतंय. मला वाईट वाटू नये म्हणून ते पेज खातात, पथ्य विचारतात, ऑपरेशनला हो म्हणतात. म्हातारा मला सांभाळून घेतोय, आणि मी समजत होते मी त्यांना सांभाळतेय.

आणि खरं लिहायचं तर, शरमेबरोबर थोडं हायसंही वाटलं. ठाऊकच आहे म्हणजे मला वेगळं सांगायला नको.

१९ जुलै

उद्या लाँच. बाबांची पिशवी भरून ठेवली होती. सकाळी त्यांना पेज गिळवेना, तरी चमचा पुन्हा पुन्हा तोंडाशी नेत होते. मला बघवलं नाही. म्हटलं, बाबा, पुरे आता हे नाटक. तुम्हाला ठाऊकच आहे.

"काय ठाऊक आहे?"

"अल्सर नाहीये ते."

त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. हे सगळं मनात जुळवून ठेवताना मला वाटलं होतं की ते हसतील, म्हणतील, आलीस एकदाची ताळ्यावर. ते हसले नाहीत. त्यांचा चेहराच बदलला. "मग काय आहे?"

तेव्हा मला कळलं की सांगावं लागणार आहे. कॅन्सर म्हटलं. यकृतात गेलाय म्हटलं. पहिल्या दिवसापासून म्हटलं. उद्याचं ऑपरेशन बरं करणारं नाही, ते थेंब कशाचे आणि मी किती कमी दिले, तेही सांगितलं. माझा आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा येत होता, तो मला बदलता येईना.

"सेगुंदोसारखं," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी वाडगा बाजूला सारला. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या घरी असा माणूस पाहिला असता तर मी दारातूनच ओळखलं असतं. मलाही यायचं मनात. रोज यायचं. पण मग म्हणायचो, नोल्फाने अल्सर सांगितलंय. नोल्फा माझ्याशी खोटं बोलत नाही."

त्यांनी टोपी तोंडावर धरली. बाबांना रडताना मी आईच्या मयतीतही पाहिलं नव्हतं. टोपीआडून म्हणाले, "मी पथ्य किती नीट पाळत होतो गं."

मी तिथेच जमिनीवर बसले, त्यांच्या पायांशी. माफ करा म्हणाले, अनेकदा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि पाय मागेही घेतले नाहीत.

२० जुलै

लाँच आली आणि बाबांशिवाय गेली. यास्ना मात्र त्याच लाँचने आली. रात्री मीच फोन करून तिला सगळं सांगितलं होतं, निम्म्या थेंबांसकट. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "सगळे दिवस?" मी हो म्हटलं. मग तिकडून काही आवाज आला नाही, आणि या वेळी मी रेंजचं नाव घेतलं नाही.

ती खोलीत गेली तेव्हा मीही मागोमाग गेले. बाबा म्हणाले, "नोल्फा, तू स्वयंपाकघरात जा."

गेले. दार लागलं. आतून त्यांचे आवाज येत राहिले, बहुतेक बाबाच बोलत होते, प्रश्न विचारत होते. एवढे प्रश्न त्यांच्या मनात साठले होते.

नंतर त्यांनी हार्दीला स्वतः फोन लावला. तू मला नेणार नाहीस, मी इथेच राहणार, यायचं तर तू ये, आणि रडायचं असेल तर इथे येऊन रड. एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला. हार्दी तिकडे रडत होता.

२३ जुलै

पूर्ण मात्रेचे थेंब. बाबा दुपारी झोपतात, कपाळावरची आठी गेली आहे. ती आठी म्हातारपणाची आहे असं मी समजत होते.

आता काहीही खा म्हणते. पण आता पाण्यापलीकडे काही उतरत नाही.

२६ जुलै

आज मी विचारलं. सेगुंदोकाकांना त्यांनी जे विचारलं तेच, त्याच क्रमाने. कुणाला काय सांगायचंय, ते म्हणाले, हार्दी आला की सांगेन. कुठे राहायचंय, ते म्हणाले, ठरलंय. मग शेवटचं विचारलं, कोण जवळ हवं?

मला वाटलं होतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे.

"उबेरलिंदा," ते म्हणाले. "शेवटचं जवळ आलं की मला कुणीतरी सांगायला हवं. मी सगळ्यांना सांगत आलो, माझं मला कळेल असं वाटत नाही. ती बसेल."

मी म्हटलं, बाबा, मी सांगेन. आता सांगेन, शपथ घेते.

त्यांनी माझा हात धरला. ते रागावलेले नव्हते, रागावले असते तर सोसलं असतं. "तू नको, पोरी. तू काही म्हणालीस की मला खरंच वाटतं. तू म्हणालीस बरं होईल, तर मी पुन्हा पेज खायला लागेन."

३ ऑगस्ट

हार्दी आलाय, बाबांशी दार लावून बोलला आणि सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

रोज सकाळी उबेरलिंदा आत जाऊन बसते. ज्या बाईच्या तोंडाला झाकण नाही असं मी लिहिलं होतं, ती बाहेर आल्यावर एक अक्षर सांगत नाही. दार आज अर्धवट उघडं होतं. मी चुलीत लाकूड घालत होते.

बाबांनी विचारलं, "आज कसा दिसतोय मी?"

"कालच्यापेक्षा वाईट, काका," ती म्हणाली. "ओठ निळे पडलेत. आता फार नाही."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती नव्हती. मग त्यांनी तिला उशी सारखी करायला सांगितली, आणि ती करताना तिने काहीतरी म्हटलं, त्यावर ते हसले. मी लाकूड हातात धरून ऐकत होते. चुलीचं लोखंडी दार उघडंच राहिलं आणि स्वयंपाकघरभर धूर झाला.